पत्रा आधी, इंजिन नंतर: जुना शेव्हरोले 3100 पिकअप घेणाऱ्या नवख्यांसाठी

अमेरिकेत चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत पताका लावून संथपणे जाणारा, किंवा नाताळच्या शुभेच्छापत्रावर मागे झाड लादलेला, गोल नाकाचा लाल पिकअप तुम्ही पाहिला असेल. पुष्कळदा तो एकाच घराण्यातला असतो. जनरल मोटर्सने 1947 च्या उन्हाळ्यात बाजारात आणलेली आणि 1955 च्या मार्चपर्यंत बनवलेली शेव्हरोलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका म्हणजे ते घराणं, आणि त्यातला अर्ध्या टनाचा (म्हणजे तेवढं ओझं वाहण्याच्या वर्गातला), सगळ्यांचा लाडका ट्रक म्हणजे 3100.

मी मिसूरीत राहतो. 1950 सालचा असा एक ट्रक गेली अकरा वर्षं माझ्या दारात आहे. गणपतीला, दिवाळीला घरी येणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी त्याच्या मडगार्डवरून हात फिरवतं आणि मला बाजूला घेऊन विचारतं, “असा एक घ्यायचाय, बघायचं काय?” प्रत्येकाला मी उभ्या उभ्या अर्धा तास जे सांगतो, ते इथे नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या ट्रकचं मोल पत्र्यात आहे. इंजिन साधं, दणकट, आणि जगात कुठेही खोलून जोडता येण्यासारखं आहे. पण बॉनेटचं ते फुगीर नाक, दोन्ही बाजूंना सुटे ओघळलेले मडगार्ड, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांची गोलाई, हे सगळं साच्यात दाबून काढलेलं काम. ते एकदा गंजलं की इंजिनाच्या दुरुस्तीच्या कितीतरी पट पैसा आणि वर्षं खातं. नवखा माणूस नेमकं उलट करतो. इंजिन एका हाकेला सुरू झालं की तो खूश होऊन पैसे मोजतो.

आधी आकार समजून घ्या

दुसरं महायुद्ध संपल्यावर जनरल मोटर्सने पूर्णपणे नवी घडवलेली पहिली गाडी ही ट्रकची मालिका होती. नव्या मोटारी नंतर आल्या. हार्ली अर्ल यांच्या हाताखालचा डिझाइन विभाग त्या काळी कॅडिलॅकसारख्या श्रीमंती गाड्या घडवत होता, आणि त्याच कंपनीने नवा चेहरा आधी शेतकऱ्याच्या, सुताराच्या, दूधवाल्याच्या ट्रकला दिला. मला या ट्रकबद्दल जे वाटतं त्याचं मूळ इथे आहे.

युद्धाआधीच्या ट्रकची केबिन अरुंद आणि उभट होती. नव्या केबिनमध्ये तीन माणसं खांद्याला खांदा न घासता बसू लागली. हेडलाइट मडगार्डच्या पोटात गेले आणि एकमेकांपासून लांब सरकले, त्यामुळे ट्रक रुंद, जमिनीला धरून बसलेला दिसू लागला. पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, आणि बॉनेट मागच्या बाजूला बिजागरीवर, सुसरीच्या जबड्यासारखं वर उघडणारं. केबिनमध्ये बाहेरची ताजी हवा खेळवण्याची सोय होती, आणि जाहिरातीत तिला ‘श्वास घेणारी केबिन’ म्हणत.

जादा पैसे देणाऱ्याला मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळणदार काचा मिळत. अशा केबिनला आज ‘फाइव्ह विंडो’ म्हणतात: दारांच्या दोन, मागची एक आणि कोपऱ्यांच्या दोन. पुढची काच यात मोजत नाहीत. साधी ती ‘थ्री विंडो’. पाच काचांच्या केबिनला संग्राहक जास्त पैसे देतात, म्हणून साध्या केबिनचे कोपरे कापून काचा बसवलेले ट्रकही बाजारात फिरतात. आत बसून कोपऱ्याच्या काचेभोवतीचा पत्रा आतून बघा. कारखान्यात दाबलेली कड एकसंध असते, कापून जोडलेल्या जागी वेल्डिंगची ओळ किंवा घासल्याच्या खुणा सापडतात.

साल ओळखायला शिका

विक्रेता सांगेल ते साल खरं धरू नका. तो खोटं बोलतो असं नाही, सत्तर वर्षांत एका ट्रकचे दरवाजे दुसऱ्याला, तिसऱ्याचं बॉनेट चौथ्याला लागलेलं असतं. सुदैवाने बाहेरून सारखे दिसणारे हे ट्रक दर वर्षी थोडे थोडे बदलत गेले, आणि ते बदल वाचता आले की ट्रक स्वतःच बोलतो.

गिअरचा दांडा तीन गिअरच्या ट्रकमध्ये 1947 ला जमिनीतून वर येतो, 1948 पासून स्टिअरिंगच्या दांड्यावर जातो. त्याच वर्षी हाताने ओढायचा पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा झाला. पेट्रोलची टाकी सुरुवातीला हौद्याखाली होती आणि तिचं तोंड हौद्याच्या उजव्या बाजूला असे. 1949 मध्ये टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी बसवली. 1950 ला जुन्या हातवाल्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी नळकांड्यांचे आले. 1951 ला दारांत छोट्या तिकोनी, फिरवायच्या काचा आल्या. माझ्या 1950 च्या ट्रकला त्या नाहीत, आणि ऑगस्टच्या उकाड्यात त्यांची आठवण रोज येते. 1951 पर्यंत दाराची कडी खाली दाबून उघडायची होती, 1952 पासून बटण दाबायचं.

कोरियाच्या युद्धामुळे क्रोमची टंचाई झाली, म्हणून त्या काळातल्या, विशेषतः 1952 च्या पुष्कळ ट्रकचे बंपर आणि चाकांच्या टोप्या रंगवलेल्या आहेत. अशा ट्रकला कोणी चकचकीत क्रोम चढवून “अगदी मूळचा” म्हणून दाखवला, तर पुढचा प्रश्न विचारा.

सगळ्यात मोठा बदल 1954 चा. मधे पट्टी असलेल्या दोन तुकड्यांच्या काचेऐवजी पुढे एकसंध वळणदार काच आली. पाच पट्ट्यांची जाळी गेली, जाड आडव्या-उभ्या दांड्यांची भक्कम जाळी आली. हौद्याच्या वरच्या कडा तोवर तिरक्या होत्या, त्या सपाट झाल्या. 1955 च्या सुरुवातीला हाच ट्रक आणखी काही महिने बनला. मार्चअखेर पूर्ण नवी मालिका आली, म्हणून 1955 म्हटलं की ‘पहिली मालिका की दुसरी’ हे विचारायलाच हवं. जाळीमुळे 1947 ते 1953 चा चेहरा जास्त लोकांना आवडतो. माझं मतही तेच आहे. पण ज्याला ट्रक खरोखर चालवायचा आहे त्याने 1954 कडे पाठ फिरवू नये. का, ते इंजिनाकडे आलो की सांगतो.

क्रमांकाची पट्टी आणि कागदपत्रं

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर धातूची छोटी पट्टी असते. तिच्यावरचा क्रमांक असा वाचायचा: सुरुवातीचा आकडा कारखान्याचा (1 म्हणजे फ्लिंट, 5 म्हणजे कॅन्सस सिटी, 6 म्हणजे ओकलंड), पुढचं अक्षर सालाचं, त्यापुढचं वजनाच्या वर्गाचं, मग महिन्याचं, आणि शेवटी अनुक्रमांक. 1947 ला ‘ई’, 1948 ला ‘एफ’, 1949 ला ‘जी’, 1950 ला ‘एच’, 1951 ला ‘जे’, 1952 ला ‘के’. अर्ध्या टनाला ‘पी’. म्हणजे ‘5 एच पी सी’ अशी सुरुवात असली, तर तो ट्रक 1950 च्या मार्चमध्ये कॅन्सस सिटीत बनलेला अर्धा टनी. 1953 पासून पद्धत बदलली आणि ‘एच 53’, ‘एच 54’ असं सालच थेट लिहू लागले.

आता ही पट्टी आणि टायटलवरचा (मालकीच्या सरकारी कागदावरचा) क्रमांक अंकाला अंक लावून ताडून पाहा. इथे नवखे हमखास अडकतात. त्या काळी काही राज्यांत गाडीची नोंद इंजिनच्या क्रमांकावर होत असे. नंतर कोणी इंजिन बदललं की कागदावरचा क्रमांक गाडीत कुठेच सापडत नाही. असा ट्रक चोरीचाच असेल असं नाही, पण तुमच्या राज्याच्या मोटार नोंदणी कार्यालयात तो नावावर करून घेताना तुमचे महिने जातील. क्रमांक जुळत नसेल तर पैसे देण्याआधी त्या कार्यालयात फोन करून विचारा. “टायटल हरवलंय, पण मिळेल सहज” हे वाक्य ऐकलं की मी परत फिरतो.

पत्रा: दिवसाउजेडी, कोरड्या हवेत, गुडघ्यांवर बसून

माझा पहिला ट्रक हा नव्हे. त्याआधी एक घेतला होता, एका शेतावरच्या लिलावात. ताजा हिरवा रंग, आरशासारखा. पहिल्याच हिवाळ्यानंतर केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फोड आला. बोटाने दाबला तर पापडासारखा तुकडा निघून हातात आला. आत पत्रा नव्हताच. आपल्याकडचे गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात ती खड्डे बुजवायची पुट्टी तळहाताएवढ्या जाडीने भरलेली होती, आणि तिला आधार म्हणून मागे जाळीचा तुकडा चिकटवला होता. दोन्ही कोपरे तसेच. तो ट्रक मी तोट्यात विकला, कोपरे उघडे करून, घेणाऱ्याला सगळं दाखवून.

म्हणून खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, पातळ फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. ते या जागी लावत जा: केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे, दारांची खालची चार बोटं, पुढच्या मडगार्डचा दाराजवळचा खालचा भाग, फुटबोर्ड, आणि पुढच्या काचेखालचा पट्टा. चुंबक चटकन धरलं तर पत्रा आहे. सैल धरलं किंवा घसरलं, तर खाली लांबी आहे. थोडी लांबी जवळपास प्रत्येक जुन्या ट्रकवर असते, तिला घाबरू नका. कोपऱ्यात अजिबात न धरणारं चुंबक मात्र किमतीत धरायला हवं.

मग आत जा. पायाखालचं रबर उचला. उचलू देत नसतील तर का, ते विचारा. फरशीचा पत्रा ड्रायव्हरच्या टाचेखाली आणि दाराच्या उंबऱ्याजवळ आधी जातो. गाडीखाली आडवं होऊन केबिनचे आधार बघा. या केबिनला चासीवर घट्ट आवळलेलं नाही, रबर आणि कड्यांवर झुलती ठेवली आहे, म्हणजे खडबडीत रस्त्यावर चासी पिळली तरी केबिन पिळली जात नाही. ते आधार गंजले की केबिन खाली बसते. ते ओळखायचं दारावरून: दार हळूच लोटा. चांगल्या केबिनचं दार स्वतःच्या वजनाने फिरतं आणि जाड, भरीव आवाज करून बसतं. उचलून लावावं लागत असेल, वरची फट बारीक आणि खालची रुंद दिसत असेल, तर बिजागऱ्या झिजल्या आहेत किंवा केबिन बसली आहे.

हौद्याला तळाशी लाकडी फळ्या आणि मधून लोखंडी पट्ट्या. फळ्या कुजलेल्या असल्या तरी चालतील, नव्या संच म्हणून मिळतात आणि शनिवार-रविवारात बसतात. ओकच्या, वॉर्निश केलेल्या, फर्निचरसारख्या चमकणाऱ्या फळ्या प्रदर्शनात छान दिसतात, पण मूळ ट्रकला तसं काही नव्हतं. तिथे वाळू, गवताच्या गंज्या, डुकरं वाहिली जात. मागचा फाळका बघा. त्याच्यावर दाबून काढलेली अक्षरं ठोकून सरळ केलेली असतात, आणि अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील तर बोटाला लगेच कळतं.

या ट्रकचं एक मोठं सुख म्हणजे मडगार्ड, फुटबोर्ड, दारांचे खालचे भाग, केबिनचे कोपरे असे बहुतेक तुकडे आजही नवे बनतात. पण तुकडा मिळणं वेगळं आणि तो बसवणं वेगळं. चांगल्या डेंटिंगवाल्याच्या एका तासाचा दर आधी विचारा आणि मगच ट्रकच्या किमतीची घासाघीस करा.

इंजिन आणि खालची बाजू

1953 पर्यंतच्या 3100 मध्ये 216 घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आहे, साधारण 90 अश्वशक्तीचं. लोक त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ म्हणतात, कारण त्याचे काही बोल्ट जुन्या शेगडीच्या बोल्टसारखे खाचेचे होते. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं ओतीव बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूची आहेत, आणि त्यांना तेल मिळतं ते रॉडखालच्या चमच्यांनी उडवलेलं. त्यामुळे ऑइलचा काटा 14 च्या आसपास दिसला की नवखा घाबरतो. घाबरायचं कारण नाही, त्या मीटरची पट्टीच 30 पर्यंत आहे. घाबरायचं ते खालून येणाऱ्या टकटक आवाजाला, विशेषतः गरम इंजिनावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना. बॅबिट ओतणारे कारागीर आता थोडे उरलेत.

1954 ला 3100 मध्ये 235 घनइंचाचं इंजिन आलं, पूर्ण दाबाने तेल फिरवणारं आणि सुट्या पातळ बेअरिंगांचं. त्याची कामं कुठलंही मशीन शॉप करतं. रोज चालवणाऱ्याने 1954 कडे बघावं असं मी म्हणालो ते यासाठी. जुन्या ट्रकमध्ये नंतर हे इंजिन बसवलेलं असेल तर मला स्वतःला ते वावगं वाटत नाही, ते एकाच घरातलं आहे.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत आहे, आणि मागचा एक्सल 4.11 च्या प्रमाणाचा. अर्थ सरळ आहे: ताशी 45 ते 50 मैलांवर हा ट्रक सुखी असतो, त्यापुढे इंजिन ओरडायला लागतं. हायवेने कामावर जायचं स्वप्न असेल तर ते आत्ताच तपासा. 1955 च्या पहिल्या मालिकेत अर्ध्या टनाला उघडा शाफ्ट आला, त्यामुळे तिथे मागचा एक्सल बदलणं बरंच सोपं. चार गिअरचा बॉक्स असेल तर पहिला गिअर 7 च्या पुढच्या प्रमाणाचा असतो, तो नांगरटीच्या रानात ओझं ओढायला. रस्त्यावर दुसऱ्यातून निघायचं.

वीज 6 व्होल्टची. सेल, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, सावकाश फिरतो, आणि तो तसाच फिरायचा. फारच रडत असेल तर बॅटरीच्या तारा बघा. अनेकांनी 12 व्होल्टच्या गाडीच्या बारीक तारा लावलेल्या असतात, 6 व्होल्टला त्या पुरत नाहीत. चासीला जाणारी अर्थची जागा घासून स्वच्छ करा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

मूळ ठेवायचा, की बदलायचा?

पाहताना तुम्हाला तीन जातीचे ट्रक भेटतील. पहिला, कारखान्यातून निघाला तसा पुन्हा उभा केलेला, बहुधा मूळच्या ‘फॉरेस्टर ग्रीन’ रंगात, कारण न मागता मिळणारा रंग तोच होता. दुसरा, बाहेरून जुना पण आत व्ही-8 इंजिन, डिस्क ब्रेक, एसी घातलेला रेस्टोमॉड. तिसरा, काहीच न केलेला, उन्हाने फिका पडलेला, दारावर कुठल्यातरी धान्याच्या दुकानाचं हाताने रंगवलेलं, अर्धं पुसलेलं नाव असलेला.

मला तिसरा सगळ्यात जास्त आवडतो, आणि पहिल्या खरेदीला तोच घ्या असं मी आग्रहाने सांगतो. कारण त्यात लपवलेलं काही नसतं. गंज जिथे आहे तिथे दिसतो, चुंबकाचं काम डोळेच करतात. आणि ते दारावरचं नाव एकदा रंगवून टाकलं की परत येत नाही. रेस्टोमॉड चालवायला सुखाचा, महागही. पण त्यात तुम्ही दुसऱ्याने केलेलं वेल्डिंग आणि वायरिंग विकत घेता, तेव्हा ज्याने काम केलं त्याची बिलं आणि फोटो मागा.

जिथे बघायला मिळतील अशा जागा: पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये भरणारा सुट्या भागांचा प्रचंड बाजार, आणि अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटीची संमेलनं. तिचं कार्यालय कॅन्सस सिटीतच आहे. पहिल्या वर्षी नुसतं बघायला जा.

एक आठवण इथेच सांगतो. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता. 1928 पासून 1954 पर्यंत तिथे शेव्हरोलेच्या मोटारी आणि ट्रक जोडले जात. माझ्या वडिलांना ‘शेवरलेट’ हा शब्द तिथल्या रस्त्यांवरून माहीत होता. इथे आले तेव्हा ट्रकच्या नाकावरचं बोधचिन्ह त्यांनी बोटाने गिरवलं आणि न विचारता आत जाऊन बसले.

पहिल्यांदा चालवताना

ब्रेक आधी. चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच तेलाची वाट. कुठेही नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. घरी आणल्यावर रबरी नळ्या, चाकांतले सिलिंडर आणि फरशीखालचा मास्टर सिलिंडर नवे करा, मग रस्त्यावर काढा. कमरेचे पट्टे बसवा, फरशीखाली जाड लोखंडी तुकडे लावून. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारू नका. सीटमागे टाकी असेल तर तिची रबरी नळी आणि झाकण बघा. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर मुलांना आत बसवू नका.

आता सुरू करायचा. गिअर न्यूट्रलला. चोक ओढा, ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडा. किल्ली फिरवा, पण किल्लीने तो सुरू होत नाही. उजव्या पायाशी सेलचा छोटा गोल पेडल आहे, तो दाबा. इंजिन दोन-तीन वेळा जडपणे घर्र करील, मग सहाही सिलिंडर एकेक करून जागे होतील आणि आवाज शिलाई मशीनसारखा एकसारखा होईल. चोक हळूहळू आत सोडा. पहिल्या वीस मैलांनंतर चाकांना हात लावून बघा, एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय.

आणि ग्रीसगन जवळ ठेवा. दर हजार मैलांनी किंगपिन, स्टिअरिंगचे जोड, पाट्यांच्या कड्या, सगळ्या निपल पुसून ग्रीस भरायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं, स्वच्छ ग्रीस कडेने डोकावेपर्यंत.